ताई जुईकडे आहेत

हेमलता वारली, ही बातमी शैलजाबाईंना रोज सकाळी नव्याने कळत असे.

जाग आली की त्या उशाशी ठेवलेल्या डबीतून मणी काढून कानामागे लावत. हरभऱ्याएवढा, कातडीच्याच रंगाचा मणी. मग डोळे मिटून पलंगावर बसून ऐकत. आज वार कोणता, काल कोण येऊन गेलं, डॉक्टरांनी कुठली गोळी बंद केली, फ्रिजमध्ये कालची आमटी उरली आहे. आणि मग तोच मणी त्याच मऊ आवाजात सांगे, की मोठ्या जाऊबाई आता नाहीत. कोल्हापूरला लेकीकडे, जुईकडे होत्या, तिथेच हृदयविकाराने गेल्या.

शैलजाबाईंचा मुलगा कौस्तुभ तेव्हा स्वयंपाकघरात दूध तापवत असे, पण कान त्या खोलीकडे असत. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग पलंग करकरायचा. मग "ताई गं!" अशी हाक यायची, माणूस नुकतंच, त्या क्षणी हातातून निसटावं तशी. गॅस बंद करून तो आत जायचा आणि आईला धरून बसायचा. काल रडून झालेलं आज उपयोगी पडत नव्हतं. दुःखाची धार दिवसांनी बोथट होते म्हणतात. शैलजाबाईंना दिवसच मिळत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला होता. त्यातून त्या वाचल्या, पण दिवसभराच्या गोष्टी पक्क्या करून ठेवणारा मेंदूतला छोटासा भाग कायमचा निकामी झाला. तापाआधीचं सगळं शाबूत होतं. कऱ्हाडच्या शाळेत शिकवलेला भूगोल, चकलीच्या भाजणीचं प्रमाण, हेमलताबरोबर एका स्वयंपाकघरात काढलेली सगळी वर्षं. दोघींचे नवरे मागेपुढे गेले, मुलं मोठी झाली, पण चूल एकच राहिली. तापानंतरचं मात्र एकदा झोप लागली की पुसून जायचं. बुद्धी तल्लख, जीभ पूर्वीसारखीच धारदार, फक्त कालचा दिवस नाही.

मणी त्यासाठीच होता, आणि तो कौस्तुभच्याच डोक्यातून निघाला होता. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो मुख्य रचनाकार होता. आईच्या आजारानंतर तो कऱ्हाडलाच राहून काम करू लागला आणि त्यातून ‘सोबत’ ही मण्याची यंत्रणा जन्माला आली. आता देशभरात हजारो विस्मरणाचे रुग्ण तो मणी लावत.

पहिल्या वर्षी ‘सोबत’ फसायच्या बेतात होती. दारात कुणी आलं की त्याची ओळख दूरच्या सर्व्हरवरून शोधून यायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात शैलजाबाई घाबरून दार लावून घ्यायच्या. घाबरलेल्या माणसाला दोन सेकंद फार असतात. तेव्हा कौस्तुभने सगळी रचनाच बदलली. रुग्णाचं जग, म्हणजे त्याची माणसं, नाती, औषधं, वस्तूंच्या जागा, हे सगळं एक जिवंत चित्र म्हणून मण्याच्या मेमरीतच सतत उभं ठेवायचं. माळ्यावर चढून शोधायचंच नाही, सगळं हाताशी. उत्तर श्वास पुरा व्हायच्या आत कानात.

पण मेमरीतलं चित्र बॅटरी संपली की विरून जातं. म्हणून चित्र जपायचंच नाही, असं त्याने ठरवलं. जपायच्या त्या फक्त घटना, घडल्या त्या क्रमाने. बुद्धिबळाचा पट उधळला तरी चाली टिपलेल्या असतील तर पहिल्या चालीपासून खेळत आलं की तोच डाव पुन्हा मांडता येतो, एक प्यादंही इकडचं तिकडे होत नाही. तसंच हे. रोज सकाळी मणी कानामागे लागला की पापणी लवायच्या आत तो तापापासूनच्या सगळ्या घटना पुन्हा खेळायचा आणि शैलजाबाईंचं जग उभं करायचा. या रचनेत एकच कडक नियम होता. घडलेली घटना खोडायची नाही. काही चुकलंच असेल तर पुढे दुरुस्तीची नवी घटना जोडायची, मागचं तसंच राहू द्यायचं. कंपनीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला कौस्तुभ हा नियम पहिल्या दिवशी सांगत असे.

"आईचं हे रोजचं रडणं थांबवता येणार नाही का?" त्याने एकदा डॉक्टर रेहाना मुजावरांना विचारलं. शैलजाबाईंवर त्याच उपचार करत होत्या आणि ‘सोबत’च्या सल्लागारही होत्या.

"धक्का रोज नवा बसतो, ते खरंय," त्या म्हणाल्या. "पण निदान दुःख तरी खरं आहे. तू ते काढलंस तर ती जागा रिकामी राहील असं समजू नकोस. मेंदू रिकामी जागा ठेवत नाही. तुझं यंत्र ठेवतं का?"

"नाही. उरलेल्या घटनांवरून जुळवून घेतं."

"मग काय जुळवेल ते तुला आधीच माहीत आहे?"

कौस्तुभने त्यावर हसून विषय बदलला. त्याच आठवड्यात त्याने ते केलं.

चाचणीसाठी एक सोय त्याने कधीतरी करून ठेवली होती. घटना पुन्हा खेळताना सांगितलेली घटना ओलांडून पुढे जायचं. घटना खोडली जात नाही, जागच्या जागी असते, पण चित्र उभं करताना मणी तिच्याकडे बघत नाही. त्याने हेमलताच्या मृत्यूची घटना निवडली. तिच्याशी जोडलेल्या सगळ्या निवडल्या. जुईचा तो फोन, कोल्हापूरचा प्रवास, स्मशान, तेरावा. पुढे कुणी आईजवळ त्याबद्दल बोललंच तर तेही ओलांडायला सांगितलं. आता शेवटची उरली ती घटना अशी होती, की हेमलता गाडीत बसून जुईकडे गेली. निघण्याआधी दोघींची काहीतरी कुरबुर झाली होती, हे त्याला ठाऊक होतं. घरोघरी होते तसली. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. बैठकीच्या खोलीतला मोठीआईचा, म्हणजे हेमलताचा, हार घातलेला फोटो काढून तेवढा आपल्या कपाटात ठेवला. फोटो ठेवताना त्याने तो पालथा ठेवला, आणि का ठेवला ते स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग करकरला नाही. शैलजाबाई पदर खोचत बाहेर आल्या.

"ताई जुईकडे आहे म्हणे अजून," त्या म्हणाल्या. "पोरीला दिवस गेलेत, राहू दे. साखर कमी घाल रे."

कौस्तुभला वाटलं, आपण आईला एक सकाळ परत दिली. हा शोध आपल्यापुरता कशाला ठेवायचा, म्हणून त्याने कंपनीला कळवलं. घरच्यांना हवी ती घटना ओलांडता येईल अशी सोय पुढच्या आवृत्तीत द्यायचं ठरलं. तिला नाव मिळालं ‘शांत सकाळ’. बैठकीत टाळ्या वाजल्या.

मग हळूहळू शैलजाबाई गप्प झाल्या. आधी त्यांनी गच्चीवर जाणं सोडलं, मग शेजारच्या बायकांबरोबर संध्याकाळी नदीकडे फिरायला जाणं. कुणी दाराशी आलं तर आत निघून जात. एकदा जेवताना त्यांनी मधेच विचारलं, "तू माझ्याशी बोलतोस ते मनापासून ना? की मुलगा म्हणून निभावतोस?"

"असं काय विचारतेस आई?"

"काही नाही. माणूस आपल्याला सहन करतं ते कळत नाही आपल्याला."

आजार पुढे सरकत असावा, असं कौस्तुभने मानलं. मणी कानात काय बोलतो, हे बाहेरच्या कुणालाही ऐकता येऊ नये, घरच्यांनाही नाही, अशी तजवीज त्यानेच केली होती. ते बोलणं रुग्णाचं खाजगी. रचनाकार म्हणून मेमरीतलं चित्र त्याला उघडून बघता आलं असतं. पण त्याने ते बघितलं नाही. नियम आहे म्हणून नव्हे. आत काय दिसेल याची त्याला भीती वाटत होती, म्हणून.

जुईला मुलगी झाली. ती हेमलताची एकुलती एक लेक, कौस्तुभबरोबर एकाच घरात वाढलेली, त्याला दादाच म्हणणारी. बारसं कोल्हापूरला सासरी होतं. तिने फोनवर बजावलं, "दादा, काकूला घेऊनच यायचं. आईच्या जागी आता तीच आहे मला."

"तिला गर्दीत त्रास होतो गं."

"मण्यानं एवढं सगळं होतं म्हणतोस ना? मग?"

त्याला तिला सांगायला हवं होतं. तो "बघतो" म्हणाला.

महामार्गावर गाडी आपोआप चालली होती. शैलजाबाई मांडीवर बाळाचं दुपटं घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. कोल्हापुरात शिरताना त्यांनी अचानक गाडी थांबवायला लावली. "ताईला लुगडं घ्यायचंय. जांभळं. तिला जांभळा शोभतो."

"आता उशीर होईल, आई."

"रिकाम्या हातानं तिच्यासमोर कशी जाऊ?"

त्या दुकानात बराच वेळ रमल्या. काठ बोटांनी चाचपून बघितले, दोनदा बदलले. शेवटी पिशवी कौस्तुभच्या हातात आली आणि ती घेऊन तो गाडीकडे चालला तेव्हा आपल्याला कुणी ओळखीचं बघत नाही ना, असं त्याने आजूबाजूला पाहिलं.

जुईच्या सासरी दिवाणखान्यात पाळणा सजवला होता. भिंतीवर हेमलताचा फोटो होता, ताज्या मोगऱ्याचा हार घातलेला. कौस्तुभ पटकन जाऊन त्या फोटोला पाठ करून उभा राहिला. पाव्हणे येत होते, सरबत फिरत होतं, कुणी त्याला बसायला खुर्ची देत होतं, आणि तो "नको, नको, बरा आहे" म्हणत भिंतीला चिकटून उभा होता.

जुई येऊन शैलजाबाईंच्या गळ्यात पडली. शैलजाबाईंनी तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं. "आत आहे का ती? मी आले ते कळलंय का तिला?"

"कोण, काकू?"

तेवढ्यात कुणीतरी जुईला ओढून पाळण्याकडे नेलं. बायका जमल्या. बाळ पाळण्याखालून इकडून तिकडे दिलं गेलं. मग बाळाची आत्या वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, आणि पाठीवर धपके बसत असतानाच हसत मोठ्याने म्हणाली, "हेमलता!"

"अगं थांबा!"

शैलजाबाईंचा आवाज शाळेतल्या बाईंचा होता. सगळं घर थांबलं.

"हे काय करताय? जिवंत माणसाचं नाव ठेवतात का कुठं? एवढ्या मोठ्या तुम्ही, कुणाला कळत नाही?"

एका म्हातारीने तोंडावर पदर घेतला. शैलजाबाईंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"ताईला विचारलंत का? तिला चाललं?" त्या आतल्या दाराकडे वळल्या. "ताई, बाहेर ये गं. मला ठाऊक आहे तू का येत नाहीस. मी इथं सगळ्यांसमोर सांगते. मी तुला चोर म्हणाले. चांदीची वाटी माझ्याच कपाटात निघाली, साडीच्या घडीत मीच ठेवलेली. आणि मी तुला..." त्यांनी हात जोडले, त्या बंद दाराला आणि मग सगळ्या खोलीला. "नातीच्या बारशाला आजी खोलीत बसून राहिलीय. माझ्यामुळं. मी कुणाला तोंड दाखवत नाही हो त्या दिवसापासून."

जुई पुढे झाली. "काकू, आई रुसलीय असं कोण म्हणालं तुला?"

शैलजाबाईंनी कानामागे बोट नेलं. "हा सांगतो. रोज सकाळी सांगतो. ताई जुईकडे आहेत. त्यांनी फोन केलेला नाही. बहुधा अजून रागावल्या आहेत."

जुईने कौस्तुभकडे पाहिलं. तो फोटोसमोरून बाजूला झाला नव्हता. तेव्हा तिला तो तिथे का उभा आहे ते कळलं.

मण्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्यापुढे ज्या घटना होत्या त्यांचा त्याने प्रामाणिक अर्थ लावला होता. रोज एकमेकींशी बोलणाऱ्या दोघी. एकीने दुसरीला चोर म्हटलं. दुसरी निघून गेली. त्यानंतर एकही शब्द नाही. दिवस जात होते आणि शब्द येत नव्हता, तसतसा त्या चित्रातला अबोला गडद होत गेला होता. डावातली एक चाल उचलली होती. पुढचा सगळा पट त्याने तिच्याशिवाय जुळवून दाखवला होता.

आतल्या खोलीत बाळाच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी जुई उभी होती. दार लावलेलं होतं, पण बाहेर कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे तिने आवाज खाली ठेवला होता.

"दादा, तू माझ्या आईचं मरण काढून टाकलंस?"

"काढलं नाही," कौस्तुभ म्हणाला. "वगळलं."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे कान तापले. हा फरक समजावून सांगायची ही जागा नव्हती, आणि तरी तोच पहिल्यांदा सुचला होता.

"बरं. वगळलंस. आणि चोर म्हटलेलं ठेवलंस."

"ते माझ्या लक्षात आलं नाही जुई. ती रोज रडायची. तू बघितलं नाहीस."

"मी बघितलं नाही? मी तिला इथून उचलून नेताना बघितलंय दादा." ती बाळाचं एक झबलं उगीच घडी घालत राहिली. "आईनं तुला फोन केला होता. माझ्यासमोर. वाटी सापडली हे तू सांगितलंस तेव्हा किती हसली होती ती. काय म्हणाली होती तुला?"

कौस्तुभला आठवलं. तो ते कधी विसरलाच नव्हता. फक्त त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

"म्हणाली, शैलाला आत्ता फोन देऊ नकोस. पुन्हा आठवेल आणि जिवाला लावून घेईल. मी येतेच आहे चार दिवसांत, आल्यावर बोलेन."

"म्हणजे तिनं माफ केल्याचं तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि काकू एवढे महिने..." जुईने झबलं खाली ठेवलं. "तिला आत पाठवते. यंत्रानं नाही सांगायचं. तू सांग."

शैलजाबाई आत आल्या आणि कॉटच्या कडेवर बसल्या. अजून त्या दाराकडेच बघत होत्या. कौस्तुभ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. सर्वांत कठीण काय होतं ते त्याला सांगायला सुरुवात केल्यावर कळलं. मोठीआई गेली हे वाक्य त्याने धडपणे पुरं केलं. त्याच्यापुढचं वाक्य, की हे तुला मी कळू दिलं नाही, ते दोनदा तुटलं.

शैलजाबाई रडल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे ती रुसली नव्हती?"

"नव्हती आई. हसली होती."

त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. खांदे खाली आले, एक मोठा श्वास सुटला. आणि त्याच क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला बरं वाटलं रे," त्या हातांआडून म्हणाल्या. "ताई मेली म्हणून सांगितलंस आणि मला आधी बरं वाटलं. हे काय करून ठेवलंस माझं?"

तेव्हा त्या रडू लागल्या. कौस्तुभने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, पण त्यांनी आपला हात काढून घेतला. तो तसाच जमिनीवर बसून राहिला. बाहेर पाळण्याला कुणीतरी झोका द्यायला लागलं होतं.

जांभळं लुगडं जुईने ठेवून घेतलं.

घरी आल्यावर त्याने ओलांडायला सांगितलेल्या सगळ्या घटना मोकळ्या केल्या. तेवढ्याने काम होणार नव्हतं. मधल्या महिन्यांत मण्याने रोज सकाळी जे सांगितलं होतं, त्याही घटनाच होत्या, आणि त्या खोडायच्या नव्हत्या. आता नव्या चित्रात हेमलता वारलेली असणार आणि तरी कित्येक सकाळी तिच्या रागाची बातमी दिलेली असणार. याला काही कारण लागणार होतं. कारण दिलं नाही तर मणी ते स्वतः शोधणार. आपणच चुकलो असं तो आईला सांगेल, किंवा तुमच्याच ऐकण्यात चूक झाली असं सांगेल. दोन्हींतून कौस्तुभ सुटत होता. शेवटी त्याने दुरुस्तीची घटना जोडली. कौस्तुभने हेमलताताईंचा मृत्यू तुमच्यापासून लपवला होता. त्या तुमच्यावर रागावल्या नव्हत्या, हे त्याला माहीत होतं.

जुईने स्वतःच्या आवाजात आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलून पाठवलं. तेही जोडलं.

पुण्याला जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. ज्या खोलीत टाळ्या वाजल्या होत्या तीच खोली. आपल्या आईने बारशाच्या घरात बंद दाराला हात जोडले, हे सांगताना त्याने कुणाकडे बघितलं नाही. एका सहकाऱ्याने सौम्यपणे सुचवलं, की मग मृत्यूबरोबर भांडणही ओलांडायची सोय करू. दुसरा म्हणाला, लोक मागतायत, कुणाला मुलाचा घटस्फोट वगळून हवाय, कुणाला विकलेलं घर. कौस्तुभ म्हणाला, "प्रत्येक वेळी उरलेल्यातून काहीतरी तयार होणार, आणि ते आपल्याला ऐकूही येणार नाही. ते त्या माणसाच्या कानात असेल." डॉक्टर मुजावर कोपऱ्यात बसल्या होत्या. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. ‘शांत सकाळ’ मागे घेतली गेली. मुख्य रचनाकार हे पद त्याने स्वतःहून सोडलं, आणि त्याला कुणी फारसा आग्रह केला नाही.

दुरुस्ती जोडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी शैलजाबाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मुलाकडे एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या. दुसऱ्या सकाळीही तसंच. तिसऱ्या सकाळी त्या त्याच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत, पण झोपायच्या आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जाऊ दे. माझ्यासाठीच केलंस."

पुढच्या सकाळी मण्याने तेही सांगितलं असणार. कारण त्या बाहेर आल्या त्या थेट टेबलाशी बसल्या, मणी काढून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "हा म्हणतो, काल मी तुला माफ केलं."

"हो आई."

"मला तर आत्ता कळलंय तू काय केलंस. माफ कधी केलं मी?"

कौस्तुभने दुधाखालचा गॅस बंद केला.

"याला सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "ताई गेली ते मला रोज सांगायचं. तू लपवलंस तेही रोज सांगायचं. पण मी तुला माफ केलं का नाही, ते सांगायचं नाही. ते तेवढं वगळायचं. हे माझं मी सांगतेय, तुझं तू नाही."

"ठीक आहे."

"ते मी रोज सकाळी तुझ्याकडे बघून ठरवीन."

कौस्तुभने तसं केलं. तेव्हापासून तो सकाळी दूध गॅसवर ठेवत नाही. आईच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा राहतो. आत पलंग करकरतो, मग हाक येते, मग बराच वेळ काही नाही. तेवढ्या वेळात आत त्याचंही नाव घेतलं जात असतं. मग कडी वाजते, दार उघडतं, आणि तो मान वर करतो.